मागच्या खोलीचा पत्ता

त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेईना. घरामागच्या कांदाचाळीत भरून ठेवलेला कांदा खालून पाझरायला लागला. वरून बघावं तर टणक, चकचकीत. ढिगात हात घातला की बोटं मऊ लगद्यात रुतायची आणि मनगटापर्यंत पिवळट पाणी यायचं. सकाळी दार उघडलं की वास अंगावर धावून यायचा.

आत्या उजाडायच्या आधीच चाळीत बसलेली असायची. रिकाम्या पोत्यावर एक पाय दुमडून, दुसरा लांब सोडून, कारण उजवा गुडघा वाकायचा बंद झाला होता. बाजूला ढीग, पुढ्यात पाट्या. चांगला कांदा एकीत, कोंब फुटलेला दुसरीत. सडका असेल तो न बघताच मागे भिरकावायची. इतक्या वर्षांत हातालाच कळायचं.

तिला आत्या म्हणायची ती तिच्या भावाची मुलं. ती शिकून शहरात गेली, तिकडेच नोकरीला लागली, पण नाव मागे राहिलं. आता गल्लीतल्या म्हाताऱ्यासुद्धा तिला आत्याच म्हणत. तिचं लग्न झालं होतं. नवरा कामाच्या शोधात म्हणून गेला तो परत आला नाही. सासरच्यांनी काही दिवस वाट पाहिली, मग त्यांना हिचीच अडचण व्हायला लागली. शेवटी वडील जाऊन तिला घेऊन आले. घराच्या मागे, चाळीला लागून एक खोली होती. तिथे तिची ट्रंक ठेवली आणि म्हणाले, "ही तुझी." पुढे वडील गेले. त्या खोलीबद्दल कुणी काही बोललं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

तिचा भाऊ, दादा, वाईट माणूस नव्हता. तिला त्याने कधी उपाशी ठेवलं नाही की घालूनपाडून बोलला नाही. फक्त बोलायचा ते कामापुरतं. "पाट्या आण." "सुतळी संपली का?" वहिनीही मितभाषीच. तिघं जेवायला बसली की भांड्यांचा आवाज व्हायचा तेवढाच.

बाजाराच्या दिवशी कांद्याच्या गोण्या टेम्पोत घालून दादा बाजारगावी जायचा. गोण्या उतरवताना एखादी फाटली-उसवली तर शिवायला कुणीतरी हवं, म्हणून आत्याही बरोबर जायची. मागे गोण्यांवर, दाभण मुठीत धरून. एका दिवशी लिलाव सुरू होतोय न होतोय तोच पाऊस कोसळला. व्यापारी पांगले. दादा शेडखाली ओळखीच्यांत जाऊन उभा राहिला. तिथे सगळे पुरुष, म्हणून आत्या डोक्यावर पोतं घेऊन रस्त्याने चालत सुटली आणि पहिला आडोसा दिसला तिथे थांबली.

ते वाचनालय होतं. दारात पाण्याचं थारोळं झालं तशी ती आणखी भिंतीला चिकटली.

"आत या की," आतून आवाज आला. टेबलामागे एक टक्कल पडलेले गृहस्थ बसले होते. चष्मा काळ्या दोरीने गळ्यात अडकवलेला. बाजारगावात सगळे त्यांना सर म्हणायचे.

"हात घाण आहेत माझे," आत्या म्हणाली.

"मागे नळ आहे. धुवा आणि बसा. इथे बसून वाचायला कुणालाही मनाई नाही."

तिने हात धुतले. लांबलचक टेबल होतं, वर पंखा. एक पुस्तक कुणीतरी वाचून तसंच उपडं टाकून गेलं होतं. ती शाळेत सातवीपर्यंत होती. त्यानंतर वाचलं होतं ते खताच्या पोत्यांवरचं, नाहीतर सामान बांधून आलेल्या रद्दीवरचं. तिने ते पुस्तक पहिल्या पानापासून धरलं. समुद्रात भरकटलेल्या एका होडीची गोष्ट होती. होडीत तीन माणसं आणि एक बकरी. चोहीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. वाचताना तिचे ओठ हलत होते. पुढे पुढे तेही तिला कळेनासं झालं. पाऊस थांबल्याचंही कळलं नाही. तिघांतला एक जण बकरीकडे बघत सुरीची धार अंगठ्यावर तपासत होता, आणि सर म्हणाले, "चला बाई, बंद करायची वेळ झाली."

"हे घरी नेता येतं?"

"कार्ड असेल तर."

"आणि कार्डाला काय लागतं?"

"राहता पत्ता. आणि तुम्ही त्या पत्त्यावर राहता असं सांगणारं घरातलं कुणीतरी. त्याची सही लागते. पूर्वी असं नव्हतं, पण लोक पुस्तकं घेऊन गाव सोडून जायला लागले."

पाऊस थांबल्यावर लिलाव उरकला होता. परत जाताना टेम्पोत नुसती रिकामी पोती होती, त्यामुळे दादाने तिला पुढे, टेम्पोवाल्याच्या बाजूला, आपल्याजवळ बसवलं. तिने घर जवळ येईपर्यंत मनात वाक्य जुळवलं.

"दादा, लायब्ररीचं कार्ड काढायचंय. घराचा पत्ता द्यावा लागतो. आणि तुझी सही."

"कसलं कार्ड?"

"पुस्तकं घरी आणायचं."

दादा रस्त्याकडे बघत राहिला. त्यांचा एक मामेभाऊ कोर्टाच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसायचा. अर्ज टाइप करून करून त्याला सगळा कायदा आपल्यालाच कळतो असं वाटायचं. त्याने दादाच्या डोक्यात कधीतरी भरवून दिलं होतं, की बहीण घरात राहते ते ठीक, पण तिचं नाव आणि घराचा पत्ता एका कागदावर कधी येऊ देऊ नकोस.

"तुला काय कमी आहे इथे?" दादा म्हणाला.

"काही नाही."

"मग कागद कशाला?"

"पुस्तकासाठी."

"पुस्तक वाचून कांदा सडायचा थांबणार आहे का?"

"नाही."

"मग?"

घर आलं, तिने उतरून पोती झटकली आणि घडी घालून ठेवली.

पण डोक्यातून ते जाईना. पुढच्या बाजाराला तिने वजनकाट्यावरच्या माणसाला विचारून पाहिलं. तो बरीच वर्षं तिला बघत आलेला, येता-जाता गमतीने बोलणारा. वाटलं, हा सांगेल कसं काय करायचं ते. तिचं सगळं ऐकून घेऊन तो हमालांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "त्यात काय! मी देतो की सही. माझ्याच घरी राहते म्हणून लिहू!" हमाल खो खो हसले. एकाच्या पाठीवरची गोणी हसता हसता घसरली. आत्याही हसल्यासारखं करून बाजूला झाली आणि न उसवलेली गोणी शिवत बसली. गावच्या शाळेतल्या मोठ्या बाईंकडेही ती जाऊन आली. त्यांनी तिला दारातच उभं ठेवलं आणि म्हणाल्या, "शाळेचा शिक्का असा कुणालाही देता येत नाही हो."

मग तिने ठरवलं, कार्ड नाही तर नाही. दर बाजाराला थोडं थोडं वाचायचं. गोण्या उतरल्या की ती वाचनालयाकडे जायची, नळावर हात धुवायची, तीच खुर्ची घ्यायची. सुरीवाला माणूस आता बाकीच्या दोघांना पटवत होता. दुसरा तयार झाला होता. तिसरा नुसता रडत होता. नेमकी त्या ठिकाणी ती आली आणि पुढच्या खेपेला पुस्तक जागेवर नव्हतं.

"नेलं कुणीतरी," सर म्हणाले.

"कधी आणतील?"

"आणतील तेव्हा आणतील. दुसरं काहीतरी वाचा तोवर."

तिने दुसरं एक पुस्तक उघडून पुढ्यात ठेवलं आणि लिलाव संपायची वेळ होईपर्यंत त्याच पानाकडे बघत बसली. कुणाच्या तरी घरी, कुणीतरी आरामात लोळून ते वाचत असेल. पान दुमडून ठेवून जेवायला उठत असेल.

दुसऱ्या दिवशी चाळीत वहिनी तिच्यासमोर निवडायला बसली होती. बराच वेळ कांदे पाटीत पडल्याचा धप धप आवाज येत राहिला. मग वहिनी म्हणाली, "आत्याबाई, रडताय तुम्ही."

"कांदा झोंबतोय."

"कांदा चिरताना झोंबतो. निवडताना नाही. मला नका सांगू."

वहिनीने आधी कधी असं काही विचारल्याचं आत्याला आठवत नव्हतं. ती सांगत गेली. होडीचं, तीन माणसांचं, सुरीचं, कार्डाचं, काट्यावरच्या हसण्याचं. वहिनीचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "आणि बकरी?"

"काय माहीत. तिथेच राहिलं."

वहिनीने पुढचा कांदा उचलला. पण पुढच्या बाजाराला टेम्पो निघताना चपला घालून तयार. "चष्म्याची काडी बसवून आणते," असं दादाला म्हणाली. बाजारगावात उतरल्यावर चष्म्याच्या दुकानावरून सरळ पुढे गेली. आत्या लंगडत मागे.

"हे का ते सर?" वहिनीने दारातूनच विचारलं. आणि टेबलापाशी जाऊन म्हणाली, "ही आमच्या घरात राहते. मी त्याच घरातली. लिहा."

सरांनी नवीन कार्ड काढलं. "पूर्ण नाव?"

आत्या गोंधळली. "वडिलांचं लावू की नवऱ्याचं?"

"ते तुम्हीच सांगायचं."

"नुसतं माझं लिहिलं तर चालतं?"

"न चालायला काय झालं."

तिने नाव सांगितलं. ते किती वर्षांत तोंडाने उच्चारलं नव्हतं कोण जाणे. घशातून निघताना परक्या माणसाचं वाटलं. पत्ता वहिनीने सांगितला, घराच्या नंबरासकट. वहिनीला लिहिता-वाचता येत नव्हतं, सही तेवढी यायची. ती तिने पेन असं दाबून केली की पलीकडच्या बाजूला उमटली. मग सरांनी शिक्का मारला आणि टेबलाखालून होडीचं पुस्तक काढलं. "परवाच आलंय. ठेवलं होतं बाजूला."

त्यानंतर दुपारी दादाचा डोळा लागला की वहिनी मागच्या खोलीत यायची. आत्याच्या खाटेवर आडवी व्हायची, सुजलेले पाय भिंतीला वर टेकवायची.

"आधी सांगा, बकरी जगते ना? जगत नसेल तर वाचू नका."

"मलाच माहीत नाही, वहिनी."

"मग तुम्ही मनात वाचा पुढचं, आणि बरं असेल तर मोठ्याने."

असं करत करत ती होडी किनाऱ्याला लागली. बकरीमुळेच लागली. धुकं इतकं की हात दिसत नव्हता, आणि बकरी एकाच बाजूला तोंड करून ओरडायला लागली. तिला गवताचा वास आला होता. माणसांनी त्या बाजूला वल्ही मारली. वहिनी उठून बसली. "बघा! जिला कापायला निघाले होते मेले!" इतक्या जोरात म्हणाली की पुढच्या खोलीत दादा कुशीवर वळल्याचा आवाज आला. दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या.

पाऊस गेला, थंडी पडली. पुस्तकामागून पुस्तक येत गेलं. वहिनीची आवड-निवड ठरलेली. राजेरजवाडे नकोत, त्यांना कामं नसतात. डोंगर चालतील. प्रेमाचं असेल तर बाई शहाणी हवी. मधूनच ती स्वतःचं काहीतरी सांगायची. लग्नाआधी तिला पोहता यायचं. ही गोष्ट इतक्या वर्षांत आत्याला माहीत नव्हती. एकाच घरात राहून, एकाच चाळीत समोरासमोर बसून.

एकदा पुस्तक परत करताना शेजारी एक छान कपड्यांतल्या बाई उभ्या होत्या. त्यांनी ते उचललं, उघडलं, आणि नाक मुरडून झटकन खाली ठेवलं. "शी, कसला वास येतोय याला?" सरांना तो कसला ते माहीत होतं. ते आत्याकडे न बघता म्हणाले, "जरा हात धुऊन वाचत जा हं." ती धूतच होती. लिंबाने, राखेने, कातडी सोलवटेपर्यंत. वास हातावर नव्हता, त्या खोलीतच होता, भिंतीत. त्या दिवसापासून ती पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगायची आणि पान धुतलेल्या फडक्याने उलटायची.

एका दुपारी दादा दाभण शोधत मागच्या खोलीत आला. दोघी चाळीत होत्या. पिशवीतल्या पुस्तकातून कार्ड बाहेर डोकावत होतं. तो ते हातात घेऊनच चाळीत आला.

"हे कुणी दिलं हिला?"

"मी," वहिनी म्हणाली. हातातला कांदा पाटीत टाकून तिने दुसरा उचलला.

दादा उभा राहिला. चिडायला हवं होतं, पण कुणावर आणि कशाने सुरुवात करावी हे त्याला सुचेना. कार्ड तिथेच गोणीवर ठेवून तो गेला. तो रागाने बोलला असता तर बरं, असं आत्याला वाटलं. संध्याकाळी मामेभाऊ आला. ओसरीवर बसून त्याने कार्ड मागवलं, उजेडाकडे धरलं, उलट-सुलट करून पाहिलं.

"नाव आहे. पत्ता आहे. शिक्का आहे. घरातल्या माणसाची सही आहे."

"कोर्टात चालतं का हे?" दादाने विचारलं.

"चालतं असं नाही. पण चालत नाही असंही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे समोरच्याने वकील कसा लावला त्यावर."

दादाचा चेहरा उतरला. आत्या दाराआड उभी होती. आपण म्हणे वकील लावणार आहोत, हे तिला स्वतःलाच नव्याने कळत होतं.

मग खरी गोष्ट बाहेर आली. दोन हंगाम सलग सडले होते. दादाचे गुडघेही आत्याच्या वाटेने निघाले होते. मुलं फोनवर कधीपासून म्हणत होती, विकून टाका आणि या इकडे. दादाने घर, चाळ, मागची जमीन, सगळ्याला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. घर वडिलांकडून वारशाने आलेलं, त्यामुळे बहिणीचीही सही लागणार होती.

"तुझं काय ते बघू आपण," तो आत्याला म्हणाला. "तू काय, एकटा जीव. कुठेही होईल तुझं."

'कुठेही' हा शब्द घेऊन ती बाजाराला गेली. वाचनालयात गर्दी नव्हती. तिने कार्ड टेबलावर ठेवलं.

"सर, या कार्डाने काय काय मिळतं?"

"पुस्तकं."

"आणखी?"

"मासिकं. पण ती इथेच वाचायची."

"घरावर हक्क?"

सर हसले. मग तिच्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. "नाही हो बाई. हे फक्त पुस्तकांचं आहे."

तिने कार्ड उचलून घेतलं.

परतीच्या वाटेवर दादा पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. टेम्पो वळणावर आला तेव्हा म्हणाला, "लायब्ररीत विचारून आलीस का काही? कार्डाचं?"

"आले."

"काय म्हणाले?"

ती सांगणारच होती. खरं बोलणं तिला कधी जड जात नसे. पण तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. पिशवीचा बंद तो बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, परत गुंडाळत होता. इतक्या वर्षांत आपल्या उत्तराची कुणी अशी वाट पाहिली नव्हती.

"विचारलंय सगळं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मी अडवणार नाही, दादा. सही करीन. पण आधी मला बाजारगावात खोली बघून दे. माझ्या नावावर. मागची आहे तेवढीच, मोठी नको."

"नावावर कशाला? भाड्याने—"

"नावावर."

बरेच दिवस ते ताणलं गेलं. दादा जेवताना ताट सरकवायचा. मामेभाऊ दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा वेगळं बोलला. शहरातून मुलांचे फोन आले. धाकट्याने आत्याला फोनवर घेऊन समजुतीच्या सुरात खूप काही सांगितलं. ती "हो रे बाळा" म्हणत राहिली आणि फोन वहिनीच्या हातात दिला. कार्ड तिने ट्रंकेत ठेवलं आणि ट्रंकेला कुलूप लावलं. ते कुलूप दादाला येता-जाता दिसायचं.

चाळीत वहिनीने खालच्या आवाजात विचारलं, "त्या कार्डाने खरंच काही होतं?"

"पुस्तकं मिळतात."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. तोंडात कपड्याचा बोळा कोंबून ती हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "यांना नका सांगू," एवढंच कसंबसं म्हणाली.

शेवटी दादाने बाजारगावात एका शिंप्याच्या दुकानामागची खोली घेतली. आत्याने आधी त्या खोलीचा कागद स्वतः वाचला, ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत. मग घराच्या विक्रीवर सही केली.

निघायच्या दिवशी सामानाच्या गाडीत पुढे दादा आणि ड्रायव्हर, मागे खुर्च्यांच्या पायांमध्ये वहिनी. दोघींचं एक पुस्तक अर्ध्यावर राहिलं होतं. "पुढचं फोनवर सांगा," वहिनी म्हणाली. आणखी काही म्हणाली ते गाडीच्या आवाजात गेलं.

आत्याने फोन केला. पहिल्यांदा नातू रडत होता. दुसऱ्यांदा सून बाहेर जायची होती. एकदा वहिनी निवांत भेटली. आत्याने चष्मा पुसला, पान काढलं, आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली. "करते मी नंतर," वहिनी म्हणाली. तिला फोन लावता येत नव्हता, हे दोघींनाही माहीत होतं.

खोली बरी होती. खिडकीतून शिंप्याच्या मशीनचा आवाज यायचा. तो संध्याकाळी बंद झाला की मग काहीच यायचं नाही. आत्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात निवडायला जायला लागली. तोच कांदा, तीच पोती, फक्त समोर वहिनी नाही. तिथल्या बायका आपापसांत बोलायच्या, तिला कामापुरतं विचारायच्या. कार्डावर नवा पत्ता घालायला गेली तेव्हा सर म्हणाले, "घरातल्या कुणाची सही?" आणि लगेच स्वतःच म्हणाले, "राहू द्या." वाचनालय आता हाकेच्या अंतरावर. रोज जाता यायचं. पण मोठ्याने वाचायची सवय लागून गेली होती. खोलीत एकटी असताना तिने एकदा मोठ्याने वाचून पाहिलं. भिंतीवरून स्वतःचाच आवाज परत आला तशी गप्प झाली.

उन्हाळ्यात एक दिवस दादा आला. न कळवता. दारात उभा राहून घाम पुसत होता. बारीक झाला होता, आणि कपडे मुलाचे असावेत तसे झुळझुळीत. ती त्याला पाणी देऊन समोर बसली.

"वहिनी कशा आहेत?"

"बरी आहे. नातवाचं करते दिवसभर. तिला वेळच नसतो."

"आणि तू?"

"मी काय," दादा म्हणाला. खोलीभर त्याने नजर फिरवली. "पाचव्या मजल्यावर आहे घर. खाली उतरून फिरून यावं म्हटलं तर परत आत येताना रखवालदार विचारतो, कुठल्या नंबरचे? रोज तोच माणूस. रोज विचारतो."

खाटेवर पुस्तक होतं. त्याने ते उचललं, पिशवीतून काढलं, पुन्हा पिशवीत घातलं.

"तिकडे असेल का गं असलं काही? कार्ड वगैरे?"

"असणारच. शहर आहे."

"काय लागतं त्याला?"

"पत्ता. आणि घरातल्या कुणाची तरी सही."

दादा पायांकडे बघत राहिला. टाचांच्या भेगा बुजत आल्या होत्या. शेतातली मातीच राहिली नव्हती तिथे.

"पत्ता पोराचा आहे," तो म्हणाला.

"विचार त्याला."

"कशाला हवंय म्हणेल."

तिने चहा ठेवला. बस संध्याकाळची होती, म्हणून ऊन कलल्यावर ती त्याला वाचनालयात घेऊन गेली. तिथे पंखा होता, आणि बसायला कुणाला मनाई नव्हती. दादा वर्तमानपत्र घेऊन बसला. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत त्याने ते वाचलं, कांद्याचे भावसुद्धा, जणू उद्या माल न्यायचाय. ती समोर बसून आपलं वाचत होती. मध्येच मान वर केली तर तो तिच्याकडे बघत होता. हलणाऱ्या ओठांकडे.

स्टँडवर गर्दी होती. त्याला खिडकीची जागा मिळाली. बस सुरू झाली तशी त्याने गज धरून तोंड खिडकीशी आणलं.

"चिमे," तो म्हणाला. लहानपणचं ते नाव आता त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. "तिला करायचीस ना फोन, गोष्टीसाठी? दुपारी कर. दुपारी तिला नातवाला झोपवायचं असतं. मी उचलीन."

बस गेली. धूळ खाली बसेपर्यंत ती उभी राहिली, मग पायी खोलीवर आली.

दुसऱ्या दिवशी गोदामात जेवणाची सुट्टी झाली. बायका डबे घेऊन एका बाजूला सावलीत गेल्या. आत्या गोण्यांच्या मागे जाऊन बसली, दुखरा पाय लांब केला आणि नंबर लावला. बराच वेळ नुसतं वाजत राहिलं. ती ठेवणार एवढ्यात उचलला गेला. पलीकडून श्वास ऐकू येत होता, आणि लांब कुठेतरी पाण्याचा पंप.

"दादा?"

"हं."

तिने पुस्तक मांडीवर उघडलं. "पहिल्यापासून वाचू?"

"कुठूनही वाच," तो म्हणाला.